दैवी आरोग्य हे शास्त्रातलं अभिवचन आहे का? आणि "विश्वास कमी पडला" हे नेमकं कुणाला म्हणायचं?

पायरीवरची
नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपासून डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे मशीनच्या सुया लावण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. सकाळी जाग आली की तो आधी उजव्या हाताची बोटं त्या जागेवर ठेवतो. आत रक्ताची थरथर लागली की मान हलवतो आणि मगच अंथरुणातून उठतो. आमच्या घरात दिवस असा सुरू होतो.

आम्ही ख्रिस्ती आहोत, घरात प्रार्थना नवीन नाही. पण गेल्या काही महिन्यांपासून एक प्रार्थनागट घरी येतो. माणसं प्रेमळ आहेत, हे आधीच सांगते. अपरात्री फोन केला तरी धावत येतात. त्यांनी त्याला वचनांचा एक कागद दिलाय, तो कपाटाच्या दाराला चिकटवलाय. रोज मोठ्याने म्हणायचा. आणि "मी आजारी आहे" हे तोंडातून काढायचं नाही, कारण तशी कबुली दिली की आजार घट्ट बसतो, असं ते म्हणतात. आरोग्य मिळालेलंच आहे, आपण फक्त विश्वासाने हक्क सांगायचा.

झालंय असं, की माझा भाऊ दुखतंय हे सांगेनासाच झालाय. रात्री पायात गोळे येतात तेव्हा उशीत तोंड खुपसतो. मागच्या आठवड्यात गटातले एकजण म्हणाले, अजून सुटका होत नाही म्हणजे कुठेतरी विश्वास कमी पडतोय. एकदा डायलिसिस न घेता पाऊल टाकून बघ, येशूच्या शिष्याने, पेत्राने, पाण्यावर टाकलं तसं. त्या रात्री भावाने मला विचारलं, "ताई, माझा विश्वास खरंच कमी आहे का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारते. आरोग्य हे अभिवचन आहे का? असेल तर कुणासाठी, कधीसाठी? ज्यांनी शास्त्र नीट वाचलंय त्यांनी कृपया सांगा.

दुसरी_पाळी
बाकी चर्चा होत राहील, आधी हे वाचा. मी डायलिसिस युनिटमध्ये काम करते. एकसुद्धा पाळी चुकवू देऊ नका. मूत्रपिंडं काम करत नसली की पोटॅशियम रक्तात साठत जातं आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. कधीकधी आधी काही लक्षणच दिसत नाही, एकदम हृदय थांबतं. दुसरीकडे अंगात पाणी साठतं, फुप्फुसात उतरतं, माणसाला आडवं होता येत नाही. यात "करून बघू" असं काही नसतं. पायातल्या गोळ्यांबद्दल तिथल्या डॉक्टरांना सांगा. बऱ्याचदा पाणी फार वेगाने काढल्यामुळे ते येतात, त्यावर उपाय करता येतो. पण त्याने सांगितलं तरच ना! दुखणं लपवणारा पेशंट आम्हाला सगळ्यात जास्त घाबरवतो.

ओली_माती
ताई, वाचून पोटात कालवलं. दुसरी_पाळी यांना शंभर वेळा +१.

गव्हाचा_दाणा
पायरीवरची ताई, मी स्वतः दैवी आरोग्यावर विश्वास ठेवणारा आहे, त्यामुळे त्या बाजूने मी बोलायला हवं. पण सुरुवातीलाच स्पष्ट करतो, डायलिसिस चुकवायला सांगणं चूक आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही.

आता अभिवचनाबद्दल. मिसर सोडून आलेल्या लोकांना मारा नावाच्या ठिकाणी देवाने स्वतःची ओळख दिली ती अशी: "मी तुला व्याधिमुक्त करणारा परमेश्वर आहे" (निर्गम १५:२६). स्तोत्र १०३ मध्ये पापांची क्षमा आणि रोगमुक्ती एकाच श्वासात येतात. आणि यशया ५३: "त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले." काहीजण म्हणतात हे फक्त आत्म्याच्या आरोग्याबद्दल आहे. मग मत्तय ८:१६-१७ काढा. कफर्णहूमला पेत्राच्या सासूचा ताप उतरला, संध्याकाळी दारात दुखणाइतांची गर्दी झाली, येशूने सगळ्यांना बरं केलं, आणि मत्तय म्हणतो की यशयाचं वचन पूर्ण झालं ते असं. ताप म्हणजे तापच. रूपक नव्हे.

मला अठराव्या वर्षी कातडीचा आजार होता, हातापायांना भेगा पडून रक्त यायचं. माझ्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि पुढच्या काही दिवसांत कातडी भरून आली. परत कधी आला नाही. हे मी कुणावर लादत नाही, पण माझ्या हातांनी अनुभवलेलं मी नाकारू कसं?

मूळपाठ
गव्हाचा_दाणा यांनी सरळ मांडलंय, त्याला थोडी जोड देतो.

यशया ५३:४ मधले हिब्रू शब्द आहेत 'होली' आणि 'मकोब'. पहिल्याचा साधा अर्थ आजार, दुसऱ्याचा वेदना. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तिथे 'शोक' आणि 'दुःख' अशा अर्थाचे शब्द पडले, त्यामुळे इंग्रजीतून वाचणाऱ्यांना ते मनाचंच दुखणं वाटत आलं. आपल्या मराठी शास्त्रात मात्र सरळ "आमचे व्याधी" आहे. त्यामुळे इथे शरीराचा विषयच नाही, असं म्हणता येणार नाही.

पण १ पेत्र २:२४ त्याच यादीत घालतात तेव्हा मला अडचण होते. पेत्र तिथे मालकाचा मार खाणाऱ्या दासांशी बोलतोय. अन्याय सोसा, ख्रिस्तानेही सोसला, आपण पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगावं म्हणून. त्याच वाक्यात "त्याच्या घायांनी तुम्ही बरे झाला" येतं. पुढचंच वाक्य आहे की तुम्ही भटकलेल्या मेंढरांसारखे होता. भटकण्यातून बरं होणं आहे हे. कागदावर एका ओळीत उतरवलं की आजूबाजूचं सगळं गळून पडतं.

आणखी एक शब्द बघा. ग्रीक 'सोझो' म्हणजे वाचवणं, तारणं आणि बरं करणंही. याकोबाच्या पत्रात (५:१५) "विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, आणि प्रभू त्याला उठवील" आहे. 'उठवील' हा शब्द अंथरुणातून उठण्यालाही चालतो आणि मेलेल्यांतून उठण्यालाही. याकोबाने एकच अर्थ निवडला नसावा असं मला वाटतं.

कोरा_कागद
मी श्रद्धाळू नाही, पण ताईंचा प्रश्न मनापासून वाचला. एक माहिती द्यावीशी वाटते. २००६ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास झालेले १८०२ रुग्ण, तीन गट. कुणासाठी प्रार्थना झाली, कुणासाठी नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ठाऊक नव्हतं, त्या दोन्ही गटांत गुंतागुंत जवळपास सारखीच, ५२ आणि ५१ टक्के. पण "तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होणार आहे" असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. कारण काय असावं यावर खात्रीने बोलता येत नाही. एक शक्यता अशी मांडली गेली की त्या रुग्णांच्या मनावर ताण आला. ताईंच्या भावाबद्दल वाचताना मला नेमकं तेच आठवलं. बरं होऊन दाखवण्याचं ओझं.

गव्हाचा_दाणा
@कोरा_कागद, आकडे मान्य. पण देवाला दोन गटांत वाटून मोजता येईल हे गृहीतक मला पटत नाही. प्रार्थना म्हणजे अमुक मिलिग्रॅमचा डोस नव्हे, कुणाशी तरी बोलणं आहे. आईला चाचणीसाठी हाक मारली आणि तिने ओ दिली नाही, म्हणून आई नाही असं ठरत नाही.

कोरा_कागद
मान्य. मग आईने ओ दिली नाही याचा दोष हाक मारणाऱ्या लेकरालाही देऊ नये. माझं म्हणणं तेवढंच.

गव्हाचा_दाणा
याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच विचार करतो.

पानगळ
मी सहसा लिहीत नाही. माझे वडील पोटाच्या कर्करोगाने गेले. शेवटच्या दोन महिन्यांत आम्हाला सांगितलं गेलं होतं की मृत्यूबद्दल बोलायचं नाही, तो अविश्वास ठरेल. म्हणून आम्ही बोललोच नाही. त्यांना काही सांगायचं होतं. दोनदा त्यांनी माझं मनगट धरून सुरुवात केली, आणि मी दोन्ही वेळा म्हटलं, "बाबा, असं बोलू नका, तुम्ही बरे झालाच आहात." ते गप्प झाले. काय सांगायचं होतं ते मला कधीच कळणार नाही.

वडील गेल्याचं दुःख आहे, पण ते सहन होतं. ते मनगट आठवलं की सहन होत नाही. ताई, भावाला बोलू द्या.

ओली_माती
पानगळ, काय लिहावं कळत नाही. तुमच्याबरोबर आहे.

जुना_कंदील
मी पाळकीय सेवेत बरीच वर्षं काढली. ज्यांच्या हातून अद्भुतं झाली त्यांच्याच आसपास कितीजण आजारी राहिले, ते शास्त्रात लपवलेलं नाही. प्रेषित पौलाच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाची तक्रार आणि "वारंवार होणारे विकार". पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३), तुझा विश्वास कमी पडतोय म्हणत नाही. दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे जातो. एपफ्रदीत हा आणखी एक सोबती मरणाच्या दारात पोहोचला होता. तो वाचला त्याला पौल देवाची दया म्हणतो. आणि संदेष्टा अलीशा! ज्याच्या हाडांना लागून मेलेला माणूस उठला (२ राजे १३:२१), तो अलीशा त्याच अध्यायात आजाराने मरतो. शास्त्र लिहिणाऱ्याला यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही.

पौल ज्या पीडेला शरीरातला काटा म्हणतो ती तर प्रसिद्धच. ती जावी म्हणून त्याने तीनदा विनंती केली, उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे."

वल्हं
काटा म्हणजे आजारच होता हे कशावरून? जुन्या करारात 'काटे' हा शब्द छळणाऱ्या माणसांसाठीही येतो. पौलानेच त्याला सैतानाचा दूत म्हटलंय.

जुना_कंदील
बरोबर, नक्की सांगता येत नाही. गलतीकरांस ४:१३ मध्ये मात्र तो स्वतःच्या शरीराच्या दुर्बलतेबद्दल लिहितो, आणि त्या आजारपणामुळेच त्यांना सुवार्ता सांगितली असं म्हणतो. काटा बाजूला ठेवा, तरी आजारी पौल उरतोच.

चिमणीचा_खोपा
थोडं अवांतर. मार्क ५ मधल्या रक्तस्रावाच्या बाईबद्दल मार्क लिहितो, बारा वर्षं बऱ्याच वैद्यांच्या हातून हाल सोसले, होतं नव्हतं ते खर्चलं, गुण आला नाही, उलट आजार बळावला. लूकने तीच गोष्ट सांगताना वैद्यांच्या हातचे हाल आणि "उलट आजार बळावला" हे दोन्ही गाळलंय. स्वतः वैद्य ना तो! व्यवसायबंधूंना सांभाळून घेतलं. :)

दुसरी_पाळी
हाहा, हे आमच्या डॉक्टरांना दाखवणार.

मेणबत्ती
मी कॅथलिक आहे, आमच्याकडची बाजू सांगते. याकोब ५ वरून आमच्यात आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार आहे. पण मध्ययुगात तो हळूहळू मरणाऱ्या माणसाचा संस्कार झाला. नावच पडलं 'शेवटचं अभ्यंग'. माझी आजी फादरना दारात बघून घाबरली होती, कारण ते आले म्हणजे आपलं संपलं. १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने सांगितलं की हा संस्कार फक्त शेवटच्या घटकेतल्यांसाठी नाही, आणि १९७२ मध्ये विधीच नव्याने लिहिला गेला. आता मोठ्या शस्त्रक्रियेआधीही घेता येतो, आजार वाढला तर पुन्हा घेता येतो. म्हणजे आम्ही उलट टोकाला चुकलो होतो. बरं होण्याची आशाच त्यातून काढून टाकली होती. त्यामुळे 'अभिवचन आहे' म्हणणाऱ्यांचं मला पूर्ण खोटं वाटत नाही.

आमच्या बायबलात बेन सिराचं पुस्तक आहे, त्याचा ३८ वा अध्याय वाचा. वैद्याचा मान राख, औषधं देवानेच जमिनीतून उगवली आहेत, आजारी पडलास तर प्रार्थना कर आणि मग वैद्याला जागा दे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला माणूस हे लिहितोय!

वल्हं
हिज्कीया राजाचंही तेच. देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली, तरी यशयाने गळवावर अंजिराची चकती लावायला सांगितलीच (२ राजे २०). अभिवचन आणि पोटीस एकाच अध्यायात.

पण २ इतिहास १६:१२ चं काय? आसा राजाने पायाच्या दुखण्यात देवाकडे न जाता वैद्यांकडे धाव घेतली, असा ठपका आहे. औषध सोडायला सांगणारे हेच वचन पुढे करतात.

मूळपाठ
ठपका 'देवाकडे न जाता' यावर आहे. आणि आसाची ती सवय त्याच अध्यायात आधीही दिसते. युद्धात देवाला न विचारता अरामाच्या राजाला मंदिरातलं सोनं-चांदी पाठवलं. वैद्य वाईट असते तर पौलाने लूकला "प्रिय वैद्य" म्हटलं नसतं.

उत्तरवारा
हे सगळं आरोग्याचं अभिवचन प्रकरण नवीनच आहे ना? टीव्हीवरच्या प्रचारकांनी आणलेलं?

जुना_कंदील
नाही, त्याहून जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत मोटलिंगेनचे पाळक ब्लुमहार्ट यांच्याकडे १८४० च्या दशकात आजाऱ्यांची रीघ लागली होती. पुढे १८५२ मध्ये ते बाड बोल इथे गेले आणि दुखणाइतांना तिथे ठेवून घेऊ लागले. अमेरिकेत ए. बी. सिम्पसन या पाळकांना हृदयाचा त्रास होता, तो बरा झाला, आणि ख्रिस्त तारणारा तसाच बरं करणाराही, हे त्यांच्या शिकवणीचं एक अंगच झालं. ख्रिस्ताने क्रूसावर आपल्यासाठी केलेल्या प्रायश्चित्तात शरीराचं आरोग्यही आहे ही मांडणी त्याच काळात ठळक झाली. पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणारी पेन्टेकॉस्टल चळवळ त्यानंतरची. विरोधही तेवढाच जुना आहे. प्रिन्स्टनचे धर्मशास्त्री वॉरफील्ड यांनी १९१८ मध्ये ठामपणे लिहिलं की असे चमत्कार प्रेषितांच्या काळाबरोबर थांबले.

त्याहून मागे जायचं तर चौथ्या-पाचव्या शतकातले बिशप ऑगस्टीन. तरुणपणी त्यांचं मत होतं की ते चमत्कार आता होत नाहीत. म्हातारपणी त्यांनीच आपल्या आसपास बरे झालेल्यांच्या हकिकती नोंदवल्या. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसाने आपलं मत असं उघडपणे बदललं, हे मला फार आवडतं.

उत्तरवारा
धन्यवाद, हे माहीत नव्हतं.

शिंपल्यातली
आता मूळ प्रश्नाकडे येऊ या का? ताईंनी विचारलंय की विश्वास कमी आहे का. मी यावर बरेच महिने वाचत होते, कारण मला स्वतःला जन्मापासून चालता येत नाही आणि हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय.

मी शुभवर्तमानांत एक गोष्ट शोधत गेले. येशूकडे आलेला एखादा आजारी माणूस, ज्याला येशूने सांगितलं की तुझा विश्वास कमी आहे म्हणून तू बरा होणार नाहीस, परत जा. एकही सापडला नाही. "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" हे तो म्हणतो, पण बरं झालेल्याला, कौतुकाने. न झालेल्याला दोष म्हणून कधीच नाही.

उलट बेथेसदा तळ्याकाठचा माणूस बघा. ३८ वर्षं पडून. बरं झाल्यावरही त्याला बरं करणारा कोण हे ठाऊक नव्हतं (योहान ५:१३). कुठला विश्वास? मल्खाचा कान बघा. तो येशूला पकडायला आलेल्या घोळक्यातला. कान तुटला आणि येशूने तो बरा केला. त्याच्याकडे विश्वासाचा कण तरी असेल का?

आणि अल्पविश्वास हा शब्द आरोग्याच्या गोष्टीत कुणाला लागतो? मत्तय १७ वाचा. झटके येणाऱ्या मुलाला बाप शिष्यांकडे आणतो, त्यांना बरं करता येत नाही. नंतर ते एकांतात विचारतात, आम्हाला का जमलं नाही? तेव्हा येशू म्हणतो, तुमच्या अल्पविश्वासामुळे. तुमच्या! प्रार्थना करणाऱ्यांच्या. मुलाला नाही. बाप तर मार्कात तोंडावर सांगतो की माझा अविश्वास घालवून टाका, आणि तरी मुलगा बरा होतो.

मग याकोब ५ पुन्हा वाचा. दुखणाइताने काय करायचं? मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवायचं. बस. तेल त्यांनी लावायचं, प्रार्थना त्यांनी करायची, विश्वासाची प्रार्थनाही त्यांचीच. जो पडून आहे त्याच्यावर याकोबाने एवढंच काम टाकलंय, की मी आजारी आहे हे सांगायचं आणि माणसं बोलवायची. ताई, "मी आजारी आहे" असं म्हणायला तुमच्या भावाला बंदी आहे. पण ते म्हटल्याशिवाय याकोबाचं वचन सुरूच होत नाही!

पानगळ
शिंपल्यातली, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

वल्हं
प्रतिसाद फार आवडला. पण नासरेथ? मार्क ६:५-६ मध्ये त्यांच्या अविश्वासामुळे तिथे महत्कृत्य करता आलं नाही असं आहे. आणि याकोबच पहिल्या अध्यायात म्हणतो, संशय धरणाऱ्याने काही मिळेल असं समजू नये.

शिंपल्यातली
नासरेथचं वाचताना मीही अडखळले होते. तिथे गावाने त्याला झिडकारलं, आपल्यातला सुतार म्हणून हिणवलं. आणि त्याच ओळीत आहे की थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं. अख्खा गाव अविश्वासी असतानाही आजाऱ्यांच्या वाट्याला हात आलाच. याकोब १ ज्ञान मागण्याबद्दल आहे. तरी तुमचा मुद्दा पूर्ण सुटला असं मी म्हणत नाही. विश्वासाला किंमत आहेच. ती आजाऱ्याकडून वसूल करणं मला शास्त्रात सापडत नाही, एवढंच.

चिमणीचा_खोपा
यावरून छप्पर उस्कटून खाली सोडलेला पक्षाघाती आठवला. मार्क २:५ मध्ये "त्यांचा विश्वास पाहून" आहे! चौघे वाहून आणणारे. ज्याला धड हलताही येत नाही त्याने विश्वासाचं ओझंही एकट्याने का उचलावं? (त्या घरमालकाचं छप्पर नंतर कुणी शाकारलं, हा माझ्या मुलाचा दर वेळचा प्रश्न. मी सांगते, तो बरा झालेलाच आला असेल.)

ओली_माती
मुलाला सांगा, उत्तर पटलं!

कोरा_कागद
श्रद्धा नसूनही हा धागा जपून ठेवतोय.

गव्हाचा_दाणा
दोन दिवस विचार केला. माझं मत बदललं नाही, पण कुठे थांबायचं ते कळलं. आरोग्य हे अभिवचन आहे असं मी अजूनही मानतो. पण रोमकरांस ८:२३ मध्ये पौल म्हणतो की आपण आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हतो आहोत. कण्हतो आहोत! म्हणजे अभिवचन पूर्ण व्हायचं बाकी आहे आणि तोवर कण्हायला परवानगी आहे. मला मिळालं ते त्यातलं आगाऊ आलेलं थोडं. ज्याला अजून मिळालं नाही त्याचं नाव यादीतून खोडलेलं नाही. पूर्वी मी एका आजारी माणसाला 'विश्वास वाढव' असं सांगितलं होतं. आज त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलो.

मूळपाठ
गव्हाचा_दाणा, तुमच्याबद्दलचा आदर वाढला.

उत्तरवारा
जोनी इअरेक्सन टाडा यांच्याबद्दल कुणी वाचलंय का? १९६७ मध्ये, सतराव्या वर्षी, पाण्यात सूर मारताना मान मोडली, हातपाय लुळे पडले. आरोग्यसभांना गेल्या, बऱ्या झाल्या नाहीत. पुढे तोंडात कुंचला धरून चित्रं काढली, आणि अपंगांसाठी आयुष्यभर काम केलं.

शिंपल्यातली
वाचलंय. आधार वाटतो. पण बरं न झालेल्या प्रत्येकाकडून कुणी प्रेरणेचीही अपेक्षा ठेवू नये. काही दिवस नुसते जगायचे असतात.

पायरीवरची
सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, माफ करा. सगळे प्रतिसाद भावाला मोठ्याने वाचून दाखवले. दोन रात्री लागल्या. पानगळ यांचा प्रतिसाद वाचताना माझाच आवाज गेला, तेव्हा फोन त्याने घेतला आणि उरलेलं त्याने वाचलं.

पेत्र पाण्यावर चालला त्याबद्दल तो स्वतःच म्हणाला, "पेत्राला येशूने 'ये' म्हटलं होतं, ताई. मला त्या दादांनी म्हटलंय." डायलिसिस एकदाही चुकलेलं नाही. गोळ्यांबद्दल त्याने तिथे सांगितलं, पाणी काढायचा वेग कमी केलाय, त्रास बराच कमी आहे. दुसरी_पाळी, तुमचे आभार कसे मानू?

रविवारी त्याने मंडळीच्या वडिलांना घरी बोलावलं. गटातल्या दोघांनाही बोलावलं, विश्वास कमी पडतोय म्हणाले होते त्यांनाही. पाळकांनी तेलाची छोटी बाटली खिशातून काढली आणि विचारलं, कशासाठी प्रार्थना करू? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी आजारी आहे. मला भीती वाटते. आणि मला बरं व्हायचंय." तिन्ही वाक्यं. गटातले ते दादा खाली बघत होते, नंतर त्यांनीच त्याच्या पायाशी बसून प्रार्थना केली. फिस्टुलाच्या हाताला तेल लावताना पाळकांना ती थरथर लागली, ते दचकले, आणि भाऊ कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसला.

कपाटावरचा कागद तसाच आहे. वचनं त्याची आवडती आहेत, काढू नको म्हणाला.

गव्हाचा_दाणा, त्याने तुमच्यासाठी एक निरोप दिलाय. शनिवारी तो मशीनवर असतो तेव्हा ते चार तास फार लांब जातात. त्या वेळात तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना कराल का? बरं होण्याचीच करा म्हणतो.

गव्हाचा_दाणा
हो. किती वाजता सुई लावतात?

पायरीवरची
सकाळी सातला.

चिमणीचा_खोपा
चौघे लागतात. मी येते.

शिंपल्यातली
मीही.

पानगळ
आणि मी.